आधी आढं, मग अक्षर

दादूकाका गेल्याची बातमी मला त्यांच्याच अक्षरांत कळली. पुण्यात ऑफिसला निघायची गडबड चालली होती. भावाचे दोन फोन येऊन गेले होते, मी उचलले नाहीत, म्हणून मग त्याने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. रत्नागिरीत आमच्या आळीच्या तोंडावर लावलेला फ्लेक्स. मध्ये काकांचा कुणाच्या तरी लग्नातला फोटो, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खाली ठसठशीत काळ्या अक्षरांत ‘कै. दत्ताराम ऊर्फ दादू पेंटर’. फोटो मोठा करून बघायची मला गरजच नव्हती. कडा खरबरीत, मध्येच रंग सुटल्यासारखा, एकही ओळ सरळ नाही, सगळी अक्षरं नाचल्यासारखी वरखाली... तो फॉन्ट मी केलाय. त्याचं नावसुद्धा ‘दादू’च आहे. आणि ‘ते नाव काढून टाक’ असं काकांनी मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं. काढलं नाही. या लेखात सांगण्यासारखं एवढंच आहे खरं तर, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं.

दादूकाका आमचे नात्याने कुणीच नव्हेत. आळीतलं तिसरं घर त्यांचं. चिऱ्याचं, पुढे पडवी, पडवीत रंगाचे डबे आणि काकांचा चढलेला आवाज. आमच्या लहानपणी गावातल्या बऱ्याचशा पाट्या त्यांच्याच हातच्या असायच्या. दवाखाना, पिठाची गिरणी, शाळेचा फळा, ‘येथे घाण करू नये’, सगळं एकाच इमानाने लिहिलेलं. आणि पावसाळा सरत आला, होड्या पाण्यात उतरायची वेळ आली, की मिरकरवाड्याच्या जेटीवर त्यांचा मुक्काम. गावभर नावं लिहिणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दाराला मात्र पाटी नव्हती. काकी, म्हणजे त्यांची बायको, दर दिवाळीला त्यावरून टोमणा मारायची. ‘मला कोण ओळखत नाय गो?’ असं म्हणून काका तो विषय उडवून लावायचे.

सरळपणाचं त्यांना वेड होतं. माणूस बारका, अंगात बंडी, कानावर पेन्सिल, आणि रस्त्याने चालताना दुसऱ्या कुणाची पाटी दिसली की थांबायचे. एक डोळा मिटून बघायचे. ‘आढं पडलंय,’ म्हणायचे आणि पुढे चालू लागायचे. शिरोरेषा हा शब्द त्यांना ठाऊक होता, पण तो शाळामास्तरांचा शब्द, असं त्यांचं मत. त्यांच्या लेखी ते आढं. घराच्या छपराला मधोमध जे आडवं लाकूड असतं, ज्यावर सगळे वासे येऊन टेकतात, ते. आढं सरळ बसलं की अक्षरं खाली आपोआप लटकतात, अशी त्यांची शिकवण. म्हणून आधी सूत मारायचं. निळीच्या भुकटीत घोळलेला दोरा, एक टोक त्यांच्या हातात, एक दुसऱ्या कुणाच्या हातात. ताणून धरायचा, मध्ये चिमटीत उचलून सोडायचा. टप्प असा आवाज व्हायचा आणि लाकडावर एक निळी रेघ उमटायची. ती रेघ बघून काकांचा चेहरा निवायचा. जेवल्यावर माणसाचा होतो तसा.

दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत दोऱ्याचं दुसरं टोक धरायला मी जायचे. घरी बसून करायचं काय होतं? टोक धरता धरता हातात ब्रश आला, आणि त्या पावसाळ्याच्या शेवटी काकांनी मला पहिल्यांदा होडीवर लिहू दिलं. होडी इब्राहिमभाईंची. नाव ‘दर्यादौलत’. काका सूत मारून इब्राहिमभाईंबरोबर चहाला गेले आणि मी जीव लावून लिहिलं. परत आले, एक डोळा मिटला आणि कपाळावर हात मारला. मी ‘दऱ्यादौलत’ लिहिलं होतं. अर्धा र आडवा काढून, डौलदार.

‘अगो शुभे, दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या त्या घाटातल्या. ह्यांची बोट काय आंबा घाटात न्यायचीय?’

इब्राहिमभाई पोट धरधरून हसले. ‘असूं दे दादू, घाटात पण मासळी लागते लोकांना.’ काका नाही हसले. त्यांनी रॉकेलात चिंधी बुडवली आणि माझं सगळं नाव पुसून काढलं. चुकलेला र तेवढा पुसला असता तरी भागलं असतं की! पण नाही, सगळं. मग दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘परत.’ त्या दिवशी ते नाव मी चार वेळा लिहिलं. मला त्यांचा इतका राग आला होता म्हणून सांगू! आणि चौथ्यांदा लिहिल्यावर ते नुसते ‘हं’ म्हणाले, तर घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

पुढे मी मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात गेले, मग पुण्यात फॉन्ट करणाऱ्या कंपनीत लागले. ब्रश सुटला तो सुटलाच. इकडे काकांच्या धंद्यावर फ्लेक्सने वरवंटा फिरवला. दुकानांच्या पाट्या गेल्या, भिंती गेल्या. होड्या तेवढ्या राहिल्या होत्या, कारण खाऱ्या पाण्यात फ्लेक्स टिकत नाही. मग स्टिकर आले आणि तेही संपलं. काका पडवीत बसून असायचे. मी घरी गेले की विचारायचे, ‘तुमच्या त्या मशीनमध्ये आढं कोण मारतं गो?’ मी म्हणायचे, आपोआप येतं काका. यावर ते मान हलवायचे, म्हणजे विश्वास बसला नाही असं समजायचं.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मी लांबलचक रजा काढून घरी आले होते. एसटी स्टँडच्या मागे एका गाडीवर पाटी दिसली, ‘थंडगार कोकम सरबत’. मी जागच्या जागी थबकले. अक्षरं लहानमोठी, आढं तुटकं, ब्रश सुका पडून रंगात रेघा उठलेल्या, आणि सगळी ओळ नुसती नाचतेय. लाल रंगात. आमच्या धंद्यात लोक असं अक्षर कॉम्प्युटरवर मुद्दाम खरबरीत करायला दिवसच्या दिवस घालवतात, तरी ते खोटं दिसतं. हे खरं होतं. खाली पेंटरची सही नव्हती. कुणी लिहिलं विचारलं, तर गाडीवाला म्हणाला, ‘दादू पेंटर. दुसरं कोण हाय आता?’

दादूकाका, आणि सही नाही. तिथेच मला कळायला हवं होतं. ‘येथे घाण करू नये’च्या खालीही सही टाकणारा माणूस तो. पण मी हुशार ना! मी धावतच पडवीत गेले. काका आरामखुर्चीत बसले होते, मांडीवर पंचा, पंच्याखाली उजवा हात. ‘काका, कसली झकास आहे ती कोकमाची पाटी! नवीन स्टाईल काढलीत?’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘हां... नवीन.’

मी म्हटलं, मला अशीच सगळी मुळाक्षरं काढून द्या, बाराखडी, आकडे, सगळं. मी त्याचा फॉन्ट करते. तुमचं अक्षर जगभर जाईल काका. त्यांचे डोळे चमकले ते मी पाहिलं. त्या सरबतवाल्याखेरीज वर्षभरात त्यांच्याकडे कुणी अक्षर मागितलं नव्हतं. ‘करतो,’ म्हणाले. आठवड्याने त्यांनी मला सहा कागद दिले. अ, आ, इ, ई, उ, ऊ. एका कागदावर एकच अक्षर. आणि अक्षरं कशी? सरळ, भरीव, देखणी, अगदी दर्यादौलतच्या काळातली. सहा अक्षरांना सहा सकाळी लागल्या होत्या. मी ते कागद चाळले आणि... हे लिहिताना माझीच मला शिसारी येतेय... मी म्हटलं, ‘काका, असे सरळ फॉन्ट ढिगाने आहेत हो. मला ते सरबतावरचं हवंय. नाचरं.’

‘नाचरं,’ काका म्हणाले.

काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली. काकांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती आत निघून गेली. मी ते सहा कागद परत त्यांच्या मांडीवर ठेवले. तिसऱ्या दिवशी जाऊन बघते तर पडवीभर कागद वाळत घातलेले, उडू नयेत म्हणून वर चिऱ्याचे तुकडे, आणि अख्खी वर्णमाला तयार. एका सकाळीत! क्ष, ज्ञ, आकडे, अगदी माझा तो आडवा अर्धा रसुद्धा. सगळी नाचरी. मी आनंदाने टाळ्या पिटल्या. काका आत झोपले होते, थकले होते म्हणे.

‘दादू’ फॉन्ट खूप चालला. केळ्याच्या वेफर्सची पाकिटं, लग्नपत्रिका, मुलांची पुस्तकं, समुद्रकाठच्या होमस्टेंच्या पाट्या, जिकडे तिकडे दादू. मुंबईत एका कार्यक्रमात मी त्याच्यावर बोलले. खेळकर अक्षर, कोकणी माणसाचा मिश्कीलपणा, असं काय काय बोलले. लोकांनी भरभरून दाद दिली. लॅपटॉपवर काकांना दाखवलं तेव्हा त्यांनी आपलं नाव त्या अक्षरांत बघितलं, खूप वेळ बघितलं. ‘छान झालंय गो,’ म्हणाले आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. मला वाटलं, गहिवरले.

मग दोन वर्षांपूर्वीचे गणपती. दर्शनाला गेले तर काका बशीने चहा पीत होते आणि बशी दातांवर वाजत होती. निम्मा चहा बंडीवर. मी स्वयंपाकघरात काकीला विचारलं. ती मोदकांसाठी नारळ खवत बसली होती, हात न थांबवता म्हणाली, ‘कंपवात हाय. आज नाय, सहा वर्षं झाली. कुणाला सांगू दिलं नाय त्यांनी.’ सहा वर्षं. म्हणजे ती कोकमाची पाटी... काकीने माझ्याकडे पाहिलं आणि बहुतेक इतके दिवस गिळून ठेवलेलं सगळं बोलून टाकलं. गोळी घेतली की तासभर हात ऐकायचा. त्या तासात उजवा हात डाव्याने धरून, दात खाऊन, त्यांनी मला ती सहा अक्षरं काढून दिली होती. ‘आणि तू नको म्हणालीस ना, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळची गोळीच घेतली नाय. म्हटलं, अहो घ्या. तर म्हणाले, पोरीला नाचरं हवंय.’

मी तिथे पाटावर बसूनच राहिले. वर्षानुवर्षं अक्षरं बघण्याचा पगार घेतेय मी! थरथरणारी रेघ आणि खेळणारी रेघ यांतला फरक मला कळला नाही. खरं सांगायचं तर कळून घ्यायचाच नव्हता, इतकं मला ते आवडलं होतं.

बाहेर आले तर काकांनी ओळखलं. मी रडायला लागले तर म्हणाले, ‘गप. रडायला काय झालं? चांगलं केलंयस तू, लोकांना आवडतंय, मी बघतो ना.’ मग बंडीवरचा चहा पुसत, ‘फक्त नाव काढ त्याच्यावरचं. ते माझं अक्षर नव्हे, शुभे. ते माझं दुखणं हाय. दुखण्याला माझं नाव कशाला?’

‘काढते काका,’ मी म्हटलं. ‘दिवाळीपर्यंत काढते.’

कंपनीत एकदा विषय काढला. नाव बदलायचं म्हणजे कागदपत्रं, विकत घेतलेल्यांना कळवणं, शिवाय कारण काय द्यायचं? कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तो कार्यक्रम, तो मिश्कीलपणा, ती दाद... मी घाबरले. मी गप्प बसले. दुसरं काही नाही, कागदपत्रं वगैरे सगळं झूट. दिवाळी गेली, पुढची दिवाळी गेली. या वर्षी शिमग्याला गेले तेव्हा काका अंथरुणाला खिळले होते. बोलणं पुटपुटल्यासारखं. मी कान तोंडाजवळ नेला.

‘काढलंस?’

मी म्हटलं, ‘हो काका. काढलं.’

त्यांनी डोळे मिटले. चेहरा निवला, सूत मारल्यावर निवायचा तसा. त्यानंतर दीड महिन्यात ते गेले, आणि फ्लेक्सवाल्याने प्रेमाने, अगदी आठवणीने, त्यांच्याच नावाचा फॉन्ट लावला.

तेराव्याला मी गेले. आळीत शिरताना तो फ्लेक्स चुकवता येत नाही. पडवीत इब्राहिमभाई बसले होते, आता पार म्हातारे झालेत. त्यांनी सांगितलं की दर्यादौलतवर दर साली नवा रंग बसतो, पण काकांनी पुढे स्वतः लिहून दिलेल्या नावावर कुणाला हात लावू दिलेला नाही. नावाभोवतीने रंग मारतात. ‘दादूच्या सरळ हाताचं आता तेवढंच ऱ्हायलंय बंदरात,’ म्हणाले. मग डोळे पुसले आणि काठी टेकत निघून गेले.

माणसं पांगल्यावर काकी माझ्यासमोर येऊन बसली. ‘काढलं होतंस ना गो? त्यांना सांगितलंस तसं?’

‘नाय काकी.’

एवढंच बोलले. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली आणि कागदांची गुंडाळी घेऊन आली. वर मी नाकारलेले सहा कागद. त्याखाली ए, ऐ, ओ. मग क, दोन-तीनदा केलेला. मग एका कागदावर ख चं नुसतं अर्धं अंग. त्याच्या खाली कागदच कागद, आणि त्यांवर अक्षर एकही नाही. फक्त निळी रेघ. प्रत्येक कागदावर एक, इकडून तिकडे, सरळ म्हणजे इतकी सरळ की बघवेना.

‘शिमग्याच्या आधीपर्यंत रोज चाललं होतं,’ काकी म्हणाली. ‘गोळी घेतली की म्हणायचे, धर टोक. मी एक टोक धरायचे, एक खिळ्याला बांधायचे, आणि चिमटीने सोडायचे ते. सूत काय थरथरत नाय. रेघ आली की ब्रश घ्यायचे. बघत बसायचे. मग ठेवून द्यायचे.’

परत आल्यावर मी कंपनीला सगळं लिहून कळवलं, एकही गोष्ट न लपवता. यापुढे विकल्या जाणाऱ्या फॉन्टचं नाव बदलेल, असं उत्तर आलं. पण आधीच ज्यांच्याकडे गेलाय त्यांच्याकडे तो ‘दादू’च राहणार. तो परत बोलावता येत नाही. रत्नागिरीतल्या फ्लेक्सवाल्याकडे तर राहणारच.

पण तेराव्याचं अजून थोडं राहिलंय. ती गुंडाळी बांधून ठेवल्यावर काकीने माळ्यावरून एक फळी काढायला लावली. सागाची, हातभर लांब, पांढऱ्या रंगाचे हात देऊन गुळगुळीत केलेली. काकांनी दारासाठी केलेली पाटी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ती हवीशी वाटली होती, हात गेल्यावर. वरची निळी रेघ हाताळून पुसट झाली होती. काकीने इनॅमलची डबी, ब्रश आणि निळीचा दोरा माझ्यासमोर ठेवला.

‘त्यांचं नाव लिही. तुझ्या मशीनमधलं नको. हाताने.’

‘काकी, मला आता येत नाही गं. किती वर्षांत ब्रश धरलेला नाही.’

‘त्यांनी शिकवलं होतं ना तुला?’ ती म्हणाली, ‘मग?’

आम्ही सूत मारलं. टप्प झालं, रेघ सरळ आली. मी श्वास सोडून द ला हात घातला. आढं बरं आलं. उभी रेघ खाली ओढताना हात कापला, रडण्याने की सवय मोडल्याने, कोण जाणे. द हलला. खरबरीत, नाचरा द.

काकीने फळी उचलली, लांब धरली आणि एक डोळा मिटून बघितलं. अगदी त्यांच्यासारखं. रॉकेल आता मिळत नाही, तिने टर्पेंटाइनच्या बाटलीत चिंधी बुडवली आणि फळी स्वच्छ पुसली, निळ्या रेघेसकट. मग दोऱ्याचं एक टोक स्वतःच्या बोटाला गुंडाळून दुसरं माझ्या हातात दिलं.

‘परत,’ ती म्हणाली.